रिकाम्या पुंगळीचा इतिहास

कोकणातल्या आमच्या गावी थोरल्या चाचांकडे एक ठासणीची बंदूक होती. शेतीच्या राखणीसाठी परवाना मिळालेली. रानडुकरं भात तुडवायची, वानरं बागेत शिरायची, तेव्हा चाचा एखादा बार काढायचे. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा व्हायची आणि निकालानंतर घरी यायची. लहानपणी मला बंदुकीपेक्षा ती भरण्याचंच जास्त कौतुक वाटे. नळीच्या तोंडातून दारू, त्यावर चिंधीचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा. गजाने ठासायचं आणि शेवटी खाली टोपी बसवायची. एका बारामागे इतका खटाटोप. चाचा म्हणायचे, "आपल्याकडे बार एकच असतो बाबा. म्हणून आधी नीट बघायचं, मग उडवायचा."

वर्तमानपत्रात मात्र वेगळीच भाषा वाचायला मिळते. 'गावठी कट्टा आणि दोन जिवंत काडतुसे जप्त.' जिवंत काडतूस म्हणजे न झाडलेलं. झाडलेल्या काडतुसाला आपल्याकडे पुंगळी म्हणतात. ती मेलेली असं कुणी म्हणत नाही, पण अर्थ तोच. पंचनाम्यात तिची नोंद होते, तिच्यावरून बंदूक ओळखली जाते आणि प्रकरण संपतं. ही पुंगळी पुन्हा जिवंत करता येते, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. आणि ती पुन्हा भरण्याच्या खटाटोपात आपल्या उपखंडाचा मोठा इतिहास दडलेला आहे, हे तर त्याहून उशिरा.

इतिहासात बंदूक कुणाच्या हातात होती, हा प्रश्न आपण नेहमी विचारतो. काडतूस कोण भरत होतं, हे फारसं कुणी विचारत नाही. माझ्या मते 1857 पासून सरहद्दीच्या लढायांपर्यंत सत्तेचा खरा झगडा या दुसऱ्या प्रश्नाभोवती फिरतो. या लेखात तो प्रश्न विचारून पाहू.

शब्द काय सांगतात

आधी शब्दांकडे बघू. 'बंदूक' हा शब्द अरबीतल्या 'बुंदुक'वरून आला. मूळ अर्थ गोल फळ, मग त्याच आकाराची गोळी आणि शेवटी ती गोळी फेकणारं हत्यार. 'दारूगोळा'मधली दारू फारसी आहे. फारसीत दारू म्हणजे औषध, पूड. 'काडतूस' हे पोर्तुगीज 'कार्तुश'चं आपल्या जिभेवर रुळलेलं रूप. म्हणजे हत्याराचं नाव अरबी, पुडीचं फारसी आणि वेष्टनाचं पोर्तुगीज. दख्खनचा सगळा इतिहास या तीन शब्दांत बसतो.

आता वस्तूकडे. दारूला लागणारा सोरा बिहारात मुबलक होता. नोनिया जमातीचे लोक खारट मातीतून तो काढत. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं कापड आणि मसाल्याबरोबर हा सोराही विलायतेला नेत. युरोपातल्या कितीतरी लढाया बिहारच्या मातीवर लढल्या गेल्या, असं म्हणायला हरकत नाही. गंधक आणि कोळसा मिसळला की काळी दारू तयार. ही विद्या गावोगाव होती, शिसं बाजारात मिळत होतं, गोळी ओतायचे साचे लोहारांकडे होते. बंदूक परदेशी असो की देशी, तिचं पोट भरणं आपल्या हातात होतं. ठासणीच्या बंदुकीचं हेच वैशिष्ट्य. ती कारखान्यावर अवलंबून नव्हती.

दातांनी तोडायचं काडतूस

फौजेत मात्र प्रत्येक बाराला दारू मोजत बसायला वेळ नसतो. म्हणून कागदाच्या नळकांड्यात मोजलेली दारू आणि गोळी एकत्र बांधून देण्याची पद्धत आली. हेच कागदी काडतूस. शिपायाने त्याचं टोक दातांनी तोडायचं, दारू नळीत ओतायची, मग गोळी ठासायची. कंपनीचे हिंदी शिपाई कित्येक पिढ्या काडतूस दातांनी तोडत आले होते. त्यात कुणाला वावगं वाटलं नव्हतं. 1857 समजून घेताना आपण ही गोष्ट हमखास विसरतो.

मग बिघडलं काय? 1853 च्या बनावटीची एन्फिल्ड रायफल आली. तिच्या नळीला आतून आटे होते. गोळीला गिरकी मिळायची आणि ती लांबवर नेमकी जायची. पण आटे असल्यामुळे गोळी घट्ट बसे आणि ती सरकण्यासाठी काडतुसाच्या कागदाला चरबी लावावी लागे. इथे एक नवा प्रश्न उभा राहिला. चरबी कशाची?

1853 मध्येच अशी काडतुसं हवामानाच्या चाचणीसाठी हिंदुस्थानात आली होती. बंगाल फौजेचे अ‍ॅडज्युटंट जनरल कर्नल टकर यांनी तेव्हाच लिहून ठेवलं होतं, की ही चरबी शिपायांच्या धर्माला बाधा आणणारी नाही याची खात्री होईपर्यंत काडतुसं हिंदी पलटणींना देऊ नयेत. सूचना फायलीत राहिली. चार वर्षांनी, जानेवारी 1857 मध्ये, कलकत्त्याजवळच्या दमदमच्या छावणीतून बातमी फुटली. दारूगोळ्याच्या कोठारातल्या एका खलाशाने एका ब्राह्मण शिपायाकडे त्याच्या लोट्यातून पाणी मागितलं. शिपायाने जात पुढे करून नकार दिला. तेव्हा खलाशी म्हणाला, की गायी-डुकराची चरबी दातांनी तोडाल तेव्हा तुमची जात कुठे राहील? ही हकिकत अधिकाऱ्यांनी तेव्हाच वर कळवली होती. तिच्यात धर्म तर आहेच. पण जातही आहे, आणि कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला जे ठाऊक असतं ते वापरणाऱ्याला ठाऊक नसतं, हे सत्यही आहे. वरसईहून उत्तरेत गेलेल्या विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'मध्येही काडतुसांची ही चर्चा येते. म्हणजे ती रस्त्यावरच्या मराठी भटजीच्या कानांपर्यंत पोचली होती.

पुढचा तपशील शाळेच्या पुस्तकात सहसा नसतो. जानेवारी संपण्याआधीच सरकारने माघार घेतली. काडतुसं कोरी मिळतील, शिपायांनी मेण, तेल, तूप, हवं ते स्वतःच्या हाताने लावावं, असं ठरलं. पुढे दातांऐवजी हाताने तोडण्याची कवायतही आली. कागदावर बघितलं तर प्रश्न मिटला होता. प्रत्यक्षात संशय चरबीवरून कागदावर गेला. कागद इतका चकचकीत का? त्यात काय मिसळलंय?

24 एप्रिलला मेरठमध्ये तिसऱ्या घोडदळाच्या 90 निवडक स्वारांसमोर काडतुसं ठेवली गेली. ती एन्फिल्डची नव्हती, त्यांच्या नेहमीच्या वापरातलीच होती. तरीही 85 जणांनी हात लावला नाही. त्यांत मुसलमान आणि हिंदू दोघेही होते. बहुतेकांना दहा वर्षांची सक्तमजुरी झाली. 9 मेला सगळ्या छावणीसमोर त्यांच्या पायांत बेड्या ठोकल्या आणि 10 मेला मेरठ पेटलं.

या नकाराला अनेकजण अंधश्रद्धा म्हणतात. काडतूस जुनंच होतं, मग भीती कसली, असा त्यांचा सवाल असतो. मला तो सवाल उलटा वाटतो. काडतूस जुनं असूनही 85 माणसं दहा वर्षांची शिक्षा पत्करतात, तेव्हा भांडण चरबीचं उरलेलं नसतं. बंद वेष्टन आपल्यापुढे ठेवणाऱ्या हातावरचा विश्वास संपलेला असतो. सर सय्यद अहमद खान यांनी बंडानंतर लगेच लिहिलेल्या 'असबाब-ए-बगावत-ए-हिंद'मध्ये हेच वेगळ्या शब्दांत मांडलं. काडतूस ही ठिणगी होती. खरं कारण म्हणजे राज्यकर्ते आणि प्रजा यांच्यात बोलण्याची वाटच नव्हती. कायदेमंडळात हिंदी माणूस नव्हता, त्यामुळे सरकारच्या मनात काय आहे हे लोकांना कळत नव्हतं आणि लोकांच्या मनातलं सरकारला. ज्याच्याशी बोलता येत नाही, त्याने बांधून दिलेली पुडी कोण तोंडात घालेल?

पितळेचं कुलूप

1857 पासून इंग्रजांनी धडा घेतला, पण तो विश्वासाचा नव्हता, नियंत्रणाचा होता. तोफखाना जवळजवळ सगळा गोऱ्यांच्या हातात गेला. हिंदी पलटणींसाठी दिसायला एन्फिल्डसारखी, पण आतून आटे नसलेली गुळगुळीत नळीची बंदूक तयार केली गेली. बाहेरून तीच बंदूक, मारा मात्र कमी पल्ल्याचा. पुढेही बराच काळ हिंदी शिपायाच्या हाती गोऱ्या शिपायापेक्षा एक पिढी जुनं हत्यार राही. 1878 मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्रबंदीचा कायदा आला. हिंदी माणसाला बंदुकीसाठी आणि दारूगोळ्यासाठी परवाना लागू लागला, युरोपियनांना सूट मिळाली. काँग्रेसने सुरुवातीच्या काळातच या कायद्याविरुद्ध ठराव केले. अहिंसेचे पुरस्कर्ते गांधीजीसुद्धा या कायद्याला इंग्रजी राजवटीतलं सर्वांत काळं कृत्य मानत होते.

याच काळात काडतूसही बदललं. वुलविचच्या शाही प्रयोगशाळेचे अधीक्षक एडवर्ड बॉक्सर यांनी 1866 च्या सुमारास स्नायडर रायफलसाठी धातूचं काडतूस तयार केलं. आता टोपी, दारू आणि गोळी एकाच कवचात आली. बंदूक पाठीमागून भरायची सोय झाली. दात नको, गज नको, चरबीचा वाद नको. 1869 साली पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला, तो आजही आहे. दमदमलाही काडतुसं बनत. सुरुवातीची कवचं पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेली असत. गरम नळीत ती फाटत आणि अडकत. सुदानच्या लढायांत इंग्रजांना याचा फटका बसला आणि 1880 च्या दशकात एकसंध ओढीव पितळेची कवचं रूढ झाली.

धातूच्या काडतुसाने 1857 चा प्रश्न कायमचा मिटवला असं दिसतं. खरं तर तो बंद करून ठेवला. कागदी काडतूस उघडून बघता यायचं. गावचा माणूस तसंच दुसरं बांधू शकायचा. पितळेची पुंगळी ओढायला मोठी यंत्रं लागतात आणि स्फोटक टोपीला रसायनं. आता एकच कारखाना काडतूस बनवणार आणि एकच सरकार ते वाटणार. बंदूक चोरून नेली, तरी काडतुसाशिवाय ती काठीच. सत्तेला हवं असलेलं कुलूप हेच होतं.

या कुलपात एक फट मात्र राहिली. काडतूस झाडल्यावर टोपी संपते, दारू जळते, गोळी निघून जाते. पुंगळी उरते. पितळ लवचिक असतं. दाबाने फुगून ते नळीला चिकटतं आणि गॅस मागे येऊ देत नाही. दाब गेला की पुन्हा आकसतं आणि बाहेर काढता येतं. काडतुसाच्या चार भागांतला सर्वांत महाग आणि बनवायला सर्वांत अवघड भाग म्हणजे हीच पुंगळी. नेमकी तीच शिल्लक राहते. उरलेले तीन भाग मिळवले, तर कमी खर्चात बार तयार.

ही गोष्ट जगभरच्या गरीब आणि आडरानातल्या लोकांनी लगेच ओळखली. 1870 च्या दशकात अमेरिकेच्या माळरानावर रानरेड्यांची शिकार करणारे लोक शहरापासून दूर असत. ते पुंगळ्या जपून ठेवायचे, रात्री शेकोटीपाशी बसून शिसं ओतायचे आणि दुसऱ्या दिवसाची काडतुसं भरायचे. तिथे पुढे हा रीतसर छंद झाला आणि त्याची स्वस्त हत्यारं दुकानांत आली. यात एक गंमत आहे. इंग्रज बॉक्सरची टोपी पुंगळीतून सहज निघते, कारण तिच्यासाठी पुंगळीच्या तळाला मधोमध एकच भोक असतं. अमेरिकन कर्नल हिरम बर्डनच्या पद्धतीत ऐरण पुंगळीतच घडवलेली असते आणि दोन बारीक भोकं असतात, त्यामुळे जुनी टोपी काढणं किचकट. अमेरिकेने इंग्रजाची पद्धत उचलली आणि इंग्लंडच्या फौजेने पुढे बर्डनच्या धाटणीची. पुंगळी पुन्हा भरू इच्छिणाऱ्या अमेरिकन शेतकऱ्याला त्याचा फायदा झाला. इंग्रजी अमलाखालच्या माणसाला मात्र आधीच अवघड असलेलं काम आणखी अवघड झालं.

सरहद्दीचे कारागीर

आता वायव्य सरहद्दीकडे जाऊ. पेशावर आणि कोहाटच्या मधल्या खिंडीत दर्रा आदमखेल नावाचं गाव आहे. आदमखेल आफ्रिदी पठाणांचं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे बंदुका घडवण्याचा धंदा उभा राहिला. इंग्रजांच्या मार्टिनी-हेन्री रायफलीच्या नकला, पुढे ली-एन्फिल्डच्या. हातातल्या कानशीने आणि साध्या लेथवर. काही कारागिरांना इंग्रजी वाचता येत नसे, म्हणून मूळ बंदुकीवरचा राजमुकुट आणि 'एन्फिल्ड'ची अक्षरं ते चित्रासारखी उतरवत. कधी अक्षरं उलटी पडत, कधी स्पेलिंग चुके. आज त्या चुका बघून संग्राहक नकली बंदूक ओळखतात. मला त्या उलट्या अक्षरांत वेगळंच काही दिसतं. साम्राज्याची भाषा येत नसलेल्या माणसाने साम्राज्याचं हत्यार घडवलं होतं.

बंदूक घडवणं जमलं, पण काडतुसाचं काय? इथे रिकामी पुंगळी कामाला आली. फौजेच्या चांदमारीच्या मैदानांवर, लढाईच्या जागी, खिंडींत पडलेल्या पुंगळ्या गोळा व्हायच्या. स्थानिक दारू, स्थानिक शिसं आणि जुनं पितळ यांतून बार तयार व्हायचा. मार्टिनी-हेन्रीची काडतुसं काळ्या दारूची होती, त्यामुळे ती गावात पुन्हा भरता येत. बिहारच्या सोऱ्याची आणि गावच्या दारूवाल्याची जुनी विद्या इंग्रजांच्या पितळेत पुन्हा जिवंत झाली होती. इंग्रज अधिकाऱ्यांनाही हे ठाऊक होतं. झाडलेल्या पुंगळ्या मोजून परत घेण्याबाबत फौज काटेकोर होती. साम्राज्याला आपल्या कचऱ्याची भीती वाटू लागली होती.

मग नवं तंत्रज्ञान आलं. 303 रायफल. आपल्याकडे पोलिसांच्या हातात दिसायची ती 'थ्री-नॉट-थ्री'. तिच्यासाठी 1890 च्या दशकात कॉर्डाइट नावाची बिनधुराची दारू आली. ती नायट्रोग्लिसरीनसारख्या रसायनांतून बनते, चुलीवर किंवा उखळात नाही. तिच्यासाठी निलगिरीत अरुवनकाडूला खास कारखाना उभारावा लागला. पठाणांनी 303 च्या पुंगळ्यांतही गावची काळी दारू भरून पाहिली. पण मारा कमी होई आणि धुरामुळे जागा उघडी पडे. पितळेनंतर हे दुसरं कुलूप होतं, आणि ते जास्त घट्ट होतं.

म्हणून सरहद्दीवर खरी किंमत बंदुकीपेक्षा चांगल्या काडतुसांना आली. मस्कतमार्गे शस्त्रांचा मोठा व्यापार चालायचा. गलबतांतून मकरानच्या किनाऱ्यावर आणि तिथून अफगाणिस्तानातून सरहद्दीवर. त्यात इंग्लंडमध्येच बनलेल्या बंदुकाही असायच्या. एका हाताने विकायचं आणि दुसऱ्या हाताने पकडायचं, असा तो प्रकार. ब्रिटिश आरमाराने आखातात पहारा बसवला आणि 1912 मध्ये मस्कतला शस्त्रांचं सरकारी गोदाम केल्यावर ही वाट जवळपास बंद झाली.

नेमबाजाची दंतकथा

इंग्रजी पुस्तकांतला पठाण तुम्हाला माहीत असेल. जन्मतः क्रूर, जन्मतः नेमबाज, दगडाआडून एकाच गोळीत माणूस टिपणारा. हिंदी सिनेमाने आणि आपल्या मराठी कथांनीही तो उचलला. मुसलमान आणि बंदूक ही जोडी तेव्हापासून लोकांच्या डोक्यात पक्की झाली.

आता हाच पठाण काडतुसाच्या बाजूने बघा. ज्याच्याजवळ मोजकी काडतुसं आहेत आणि त्यांतली निम्मी हाताने भरलेली, तो उगाच बार उडवेल कसा? सरकारी फौजेमागे खेचरांवरून काडतुसांच्या पेट्या यायच्या. पठाणाच्या कमरपट्ट्यात जे होतं तेवढंच. त्याची नेमबाजी रक्तात नव्हती, खिशात होती. टंचाईने त्याला थांबायला, बघायला आणि मग घोडा ओढायला शिकवलं. कोकणातल्या चाचांना ठासणीच्या बंदुकीने जे शिकवलं, तेच.

क्रौर्याचंही तसंच. 1895 च्या चित्रळ मोहिमेनंतर इंग्रज अधिकारी तक्रार करू लागले, की 303 ची नवी गोळी अंगातून आरपार जाते आणि पठाण थांबत नाही. यावर उपाय म्हणून दमदमच्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी टोक मोकळं ठेवलेली गोळी तयार केली. ती अंगात शिरल्यावर पसरायची आणि भयंकर जखम करायची. 1897 च्या तिराह मोहिमेच्या काळात ती सरहद्दीवर वापरात आली. जगाने तिला 'दमदम गोळी' हेच नाव दिलं. 1899 च्या हेग परिषदेत अशा गोळ्यांवर बंदीचा जाहीरनामा झाला. ब्रिटनने त्यावर सही करायला 1907 उजाडावं लागलं.

दमदम. जिथे एका खलाशाने काडतुसातलं गुपित सांगितलं, तीच ही जागा. चाळीस वर्षांत तिथली चरबी गेली, कागद गेला आणि ही गोळी आली. क्रूर कोण, याचा निवाडा मी करणार नाही. लढाईत दोन्ही बाजूंनी माणसं मेली आणि हाताने भरलेल्या गोळीनेही कुणाचा तरी मुलगा मेला. पण क्रौर्याचा शिक्का कुणावर बसला आणि कारखाना कुणाचा होता, एवढं तरी आपण शेजारी-शेजारी ठेवून वाचायला हवं.

दर्र्याच्या कारागिरांचंही मला उदात्तीकरण करायचं नाही. त्या बाजारातल्या बंदुकांनी इंग्रजांपेक्षा पठाणांचेच जीव जास्त घेतले असतील. भाऊबंदकीची वैरं पिढ्यान्‌पिढ्या चालली. विसाव्या शतकाच्या शेवटी अफगाण युद्धाने त्या मुलखाचं काय केलं, ते आपल्या डोळ्यांसमोर आहे. स्वतःचं काडतूस स्वतः भरता येणं म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. ती कारागिरी साम्राज्याच्या कुलपाला दिलेलं उत्तर होती, पण ते उत्तर कुलपाच्याच भाषेत होतं.

न झाडलेली गोळी

वेगळ्या भाषेतलं उत्तरही याच मुलखातून आलं. 1929 मध्ये खान अब्दुल गफ्फार खान यांनी खुदाई खिदमतगार ही संघटना उभी केली. तिच्यात येणारा पठाण अहिंसेची शपथ घ्यायचा. ज्यांच्या घरात पुंगळ्या जपून ठेवल्या जात, त्या घरातली माणसं लाल कुडते घालून निःशस्त्र उभी राहिली. शस्त्र नसलेल्याने अहिंसा स्वीकारणं वेगळं आणि पिढ्यान्‌पिढ्या बंदूक वापरलेल्याने ती खाली ठेवणं वेगळं. गफ्फार खान यांनी ती सब्रची, इस्लामची शिकवण म्हणून मांडली.

23 एप्रिल 1930 रोजी पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारात फौजेने निःशस्त्र जमावावर गोळ्या झाडल्या. अनेक माणसं मेली. त्याच पेशावरात रॉयल गढवाल रायफल्सच्या चंद्रसिंग गढवाली आणि त्यांच्या साथीदारांनी गोळी झाडायला नकार दिला. गढवालचे हिंदू शिपाई, समोर मुसलमान पठाण. हातात भरलेल्या रायफली, पुंगळीत कारखान्याची ताजी दारू. तरी बार झाला नाही. चंद्रसिंगांना जन्मठेप झाली.

मेरठच्या 85 स्वारांनी काडतूस हातात घेतलं नव्हतं. गढवालींनी ते घेतलं, पण झाडलं नाही. दोघांमध्ये त्र्याहत्तर वर्षांचं अंतर आहे. कागद जाऊन पितळ आलं, काळी दारू जाऊन कॉर्डाइट आलं, कायदे झाले, कारखाने झाले. काडतूस कोण भरणार आणि ते कुणाला मिळणार, हे सगळं सत्तेने ताब्यात घेतलं. पण ते कुणावर झाडायचं, हे ठरवणारं बोट शेवटपर्यंत माणसाचंच राहिलं.

शस्त्रांचा कायदा आज 1959 चा आहे. परवान्याशिवाय काडतूस बनवणं किंवा भरणं हा गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. चाचा गेले. त्यांची ठासणीची बंदूक ठाण्यात जमा झाली, परवाना पुढे कुणी घेतला नाही. डुकरं अजून भात तुडवतात. घर आवरताना एका डब्यात मला गंजलेल्या टोप्या आणि मूठभर छर्रे सापडले, ते मी ठाण्यात देऊन आलो. हवालदाराने वहीत नोंद केली आणि विचारलं, "काडतूस वगैरे काही?" मी नाही म्हणालो. आमच्याकडे काडतूस कधी नव्हतंच. एकच बार असायचा, आणि तो उडवण्याआधी नीट बघायचं असतं एवढीच शिकवण होती.